विद्यार्थ्यांचे भयपट व त्यांचा परिणाम

गेल्या स्नेहसंमेलनांत आमच्या नववीच्या चार विद्यार्थ्यांनीं स्वतः तयार केलेला एक भयपट दाखविला. लांबी अवघी सहा मिनिटें. साहित्य म्हणजे एका वडील बंधूचा मोबाइल, दोन बॅटऱ्या आणि वस्तीमागची रानवाट. कथाहि फार मोठी नव्हती. सरपणासाठीं रानांत गेलेला एक मुलगा वाट चुकतो, तिन्हीसांज होते, आणि समोरच्या पायवाटेवरून एक म्हातारी त्याच्याकडे येऊं लागते. तिचें मस्तक दिसत नाहीं. दिसतात ते तिचे अनवाणी पाय, अत्यंत मंद गतीनें पुढें पडणारे. आणि दोन सुकलेले हात, वर उचललेले व पडद्याच्या वरच्या कडेंत कोठेंतरी नाहींसे झालेले. मुलगा वळून पळतो. पुढच्याच वळणावर तीच म्हातारी उभी. पडद्यावर अंधार, आणि पट संपला. सभागृहांत अशी किंकाळी उठली कीं, आयांच्या मांडीवर निजलेलीं मुलें दचकून रडूं लागलीं. आम्ही त्या दिवशीं परीक्षकांच्या बांकावर होतों. आम्हीं त्या पटास पहिलें बक्षीस दिलें व प्रशंसेचे चार शब्दहि बोललों. त्या बक्षिसाबद्दल आज आमचें मत बदललें आहे. तें कां बदललें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

कित्येक पालकांचें म्हणणें असें पडलें कीं, शाळेनें असले भुताखेतांचे खेळ मुळींच होऊं देऊं नयेत. ख्रिस्ती शाळेनें तर नाहींच नाहीं. हें मत आम्हांस मान्य नाहीं, व तसें आरंभींच सांगितलेलें बरें. भीति ही देवानें माणसास दिलेली एक उपयुक्त वृत्ति आहे. ज्या जिल्ह्यांत मोहफुलें वेंचण्यास पहांटे निघालेला बाप परत येईपर्यंत घरच्यांचे डोळे वाटेकडे लागलेले असतात, तेथें ती मुलांना पुस्तकांतून शिकवावी लागत नाहीं. तिला शब्द, चित्र व आवाज देतां येणें ही मनाची वाढच होय. आजीच्या कुशींत ऐकलेली भुताची गोष्ट ज्यास आठवत नाहीं, असा चांद्याचा मनुष्य आम्हांस तरी अद्याप भेटलेला नाहीं.

शिवाय भयानक हा रस दमाचा आखूड आहे. करुणेस विस्तार सोसतो, भयास सोसत नाहीं. भूत कोणाचें, तें कां आलें, त्यास काय पाहिजे, हें सर्व कळलें कीं अर्धी भीति ओसरली म्हणून समजावें. मोठ्या चित्रपटास हीं उत्तरें द्यावीं लागतात. सहा मिनिटांच्या पटास तीं द्यावीं लागत नाहींत, आणि म्हणूनच नवशिक्या हातांसहि हा प्रकार साधतो. त्यांतून पैशाची जी टंचाई इतर पटांत उणीव म्हणून डोळ्यांत भरते, ती येथें गुण होऊन बसते. दिवे महाग म्हणून अंधार. वेष व रंग नाहींत म्हणून भूत ओझरतेंच दाखवावयाचें. नामांकित नट नाहीं म्हणून पडद्यावरचा मुलगा खरोखर शेजारचाच वाटतो. स्वीडनमधील डेव्हिड सँडबर्ग यांनीं २०१३ सालीं 'लाइट्स आउट' नांवाचा तीन मिनिटांहूनहि लहान पट आपल्याच घरांत, आपल्याच पत्नीस नटी करून, तयार केला. त्यांतील स्त्री निजण्यापूर्वीं दिवा मालवते तों पलीकडे एक आकृति उभी. दिवा लावते तों कोणी नाहीं. एवढेंच. पण या एवढ्याशा गोष्टीवरून २०१६ सालीं त्यांच्याच दिग्दर्शनाखालीं हॉलिवुडमध्यें पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. अमेरिकेंत १९९९ सालीं गाजलेला 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' हा लघुपट नव्हे, पण तो रानांत वाट चुकलेल्या तीन विद्यार्थ्यांचाच पट आहे. तो काढणारे दोघे तरुण फ्लॉरिडांतील एका विद्यापीठांत चित्रपटकला शिकलेले. कॅमेरा त्यांनीं नटांच्याच हातीं दिलेला. आणि जिच्या नांवावर पट चालतो ती चेटकीण आरंभापासून शेवटपर्यंत एकदांहि दिसत नाहीं. दिसतात काटक्यांच्या बाहुल्या, दगडांच्या लहान लहान राशी, आणि रात्रीं तंबूबाहेर आवाज ऐकून गर्भगळित झालेलीं तोंडें.

आवाजाचा हा महिमा आमच्या मुलांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाहीं. शहरच्या मुलास रान म्हणजे झाडें. आमच्या मुलास रान म्हणजे आवाज. वाघ फिरूं लागला कीं चितळ कसें ओरडतें, वानर झाडावरून खोकल्यासारखा इशारा कसा देतें, आणि रातकिडे एकाएकीं थांबले कीं अंगावर कांटा कां उभा राहतो, हें ताडोबाच्या सीमेवरील गांवचें दहा वर्षांचें पोर सांगूं शकेल. आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्याच अंगणांतल्या रातकिड्यांचा आवाज टिपून घेतला होता, आणि म्हातारी दिसण्याच्या क्षणभर आधीं तो कापून टाकला होता. किंकाळी उठली ती म्हातारीमुळें, असें सर्वांस वाटलें. आमच्या मतें ती अर्धी तरी त्या शांततेमुळें उठली. १९४२ सालच्या 'कॅट पीपल' या अमेरिकन चित्रपटांत याच्या उलट युक्ति आहे. रात्रीं एकटी चालणारी स्त्री. मागून येणारीं पावलें थांबतात. ती कानोसा घेते. आणि तेवढ्यांत फुस्सकन् येऊन उभी राहते ती साधी बस. या युक्तीस धंद्यांतले लोक त्या पटाच्या निर्मात्याच्या नांवावरून आजहि 'ल्यूटन बस' म्हणतात. आमच्या मुलांनीं हा पट पाहिलेला नव्हता. त्यांचें शिक्षण अंगणांत झालें होतें.

आमच्या शेजारच्याच रानाचें आणखी एक उदाहरण द्यावेंसें वाटतें. २०१८ सालीं आलेल्या 'तुंबाड' या चित्रपटाचें बीज नागझिऱ्याच्या जंगलांत पडलें. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांस १९९३ सालीं तेथें एका मित्रानें नारायण धारप यांची एक गोष्ट सांगितली. ती त्यांच्या मनांत अशी घर करून राहिली कीं, १९९७ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यांनीं चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. म्हणजे गोष्ट ऐकली तेव्हां त्यांचें वय आमच्या नववीच्या मुलांएवढेंच होतें. खर्डा आणि पडदा यांच्यामध्यें एकवीस वर्षें गेलीं, हेंहि उतावळ्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. याहि चित्रपटांत एक भयंकर म्हातारी आहे, घरांत साखळीनें बांधून ठेवलेली. परंतु ती अशी कां झाली, हें पट लपवीत नाहीं. खजिन्याच्या लोभानें ती तशी झाली, आणि तोच लोभ पुढें तिच्या नातवाच्या हातांत उतरतो. घरीं जातांना प्रेक्षकाच्या मनांत म्हाताऱ्या बाईची भीति फार वेळ टिकत नाहीं. टिकते ती स्वतःच्या हांवेची.

येथवर जें लिहिलें त्या हिशेबानें आमच्या मुलांचा पट उत्तमच ठरतो, आणि आम्हीं बक्षीस दिलें तें याच हिशेबानें. आम्हीं किंकाळी मोजली. पण पटाचा परिणाम सभागृहाच्या दाराशीं संपत नाहीं, ही गोष्ट आमच्या ध्यानांत तेव्हां आली नाहीं, हें आम्ही कबूल करितों.

पटांतली म्हातारी ही कोणी नटी नव्हती. शाळेमागच्या वस्तींत एकटी राहणारी, मागेंपुढें कोणी नसलेली ती एक वृद्धा आहे. मुलांनीं तिला न विचारतां, झाडाआडून तिचें चालणें टिपलें होतें, व मागाहून त्याची गति निम्म्यानें कमी केली होती. संमेलनानंतर तीन दिवसांत तो पट या मोबाइलवरून त्या मोबाइलवर असा साऱ्या वस्तीभर झाला. त्याखालीं कोणी काय काय लिहिलें असेल तें असो. पुढें वस्तींतलीं लहान मुलें तिला पाहून पळूं लागलीं. एकदां दोघांनीं खडे मारले. मग एका घरची गाय आटली, आणि त्या घरच्या बाईनें तिच्याकडून सरपण घेणें बंद केलें. हें सर्व आम्हांस ठाऊक होण्यापूर्वींच एके सकाळीं ती शाळेच्या फाटकाशीं आली आणि म्हणाली, "पोट्टे मले पाहून काहून भेतेत जी?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या एखाद्या प्रांतांतील वाचकास यांत फार तर पोरांचा अविचार दिसेल. येथल्या वाचकास गाय आटल्याचा उल्लेख ऐकून जें वाटलें असेल, तेंच आम्हांस वाटलें. आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यांत, जिवती तालुक्यांतील वणी खुर्द येथें, ऑगस्ट २०२१ मध्यें भानामतीच्या संशयावरून सात जणांस भर चौकांत बांधून मारण्यांत आलें. त्यांत वृद्ध स्त्रीपुरुष होते. गडचिरोली जिल्ह्यांत, एटापल्ली तालुक्यांतील बारसेवाडा येथें, मे २०२४ मध्यें जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री व एक पुरुष यांस मारून जाळण्यांत आलें. डिसेंबर २०१३ मध्यें महाराष्ट्राच्या विधिमंडळानें जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. त्यासाठीं वर्षानुवर्षें झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षीं २० ऑगस्टला पुण्यांत खून झाला होता. अमुक मनुष्य करणी करतो, मंत्रतंत्रानें गुरांचें दूध आटवितो, असें भासविणें हा या कायद्यानें गुन्हा आहे. कायदा करणारांनीं गुरांच्या दुधाचा उल्लेख उगाच केलेला नाहीं. संशय वाढतो तो अशाच घरगुती कारणांनीं. आणि तो जाऊन बसतो कोणावर, तर जिच्या बाजूनें बोलावयास कोणी नाहीं तिच्यावर. अशा ठिकाणीं एकटी राहणारी म्हातारी सहा मिनिटें भूत म्हणून दाखविणें, ही निव्वळ करमणूक राहत नाहीं.

या बाबतींत आम्हां ख्रिस्ती लोकांनीं दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं. १६९२ सालीं अमेरिकेंतील सेलम येथें पाद्रीसाहेबांच्याच घरांतील नऊ व अकरा वर्षांच्या दोन मुलींस झटके येऊं लागले, आणि आपणांस कोण छळतें म्हणून त्या नांवें घेऊं लागल्या. पहिल्या आरोपींत दारोदार भीक मागणारी एक बाई होती. दिवाळी ते दिवाळी एवढा काळ लोटण्यापूर्वींच एकोणीस माणसें फांसावर गेलीं. नांवें घेणाऱ्या मुलींपैकीं अ‍ॅन पुटनम ही त्या वेळीं बारा वर्षांची होती, आपल्या सातवींतल्या मुलीएवढी. चौदा वर्षांनीं, १७०६ सालीं, ती उपासनामंदिरांत सर्वांसमक्ष उभी राहिली, आणि पाळकांनीं तिची कबुली वाचून दाखविली कीं, निरपराध माणसांवर तो प्रसंग आणण्यास आपण कारण झालों. शुभवर्तमानांत शिष्य रात्रीं तारवांत असतां समुद्रावरून कोणी चालत येतांना पाहून भूत भूत म्हणून ओरडतात, हें आपण शब्बाथशाळेंत दरवर्षीं शिकवितों. तो येणारा कोण होता, हें मुलांस पाठ असतें. अंधारांत माणूस ओळखण्यांत सज्जनांचीहि चूक होते, हें मात्र आपण शिकवावयाचें विसरतों.

कोणी म्हणेल, झाडीपट्टीच्या नाटकांत काय चेटकिणी येत नाहींत? येतात. वडशाच्या मंडळ्या दिवाळीनंतर गांवोगांव रात्ररात्र नाटकें करितात, आणि शंकरपटाच्या दिवशीं तर मांडवांत मुंगीस शिरकाव नसतो. त्याच रंगभूमीच्या सेवेबद्दल परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, याचा आम्हां सर्वांस अभिमान आहे. परंतु नाटकांत आणि या पटांत एक फरक आहे. रात्रीं जो नट भूत झाला होता, तो सकाळीं अर्धा रंग तसाच तोंडावर ठेवून चहाच्या टपरीवर बसलेला साऱ्या गांवास दिसतो. तो रंग पुसला कीं भूत गेलें. आमच्या म्हातारीच्या तोंडास रंग लावलेलाच नव्हता. ती पुसणार काय?

म्हातारीस पटांतून हद्दपार करावें, असें आमचें म्हणणें नाहीं. पुण्याच्या चित्रपट संस्थेंतील विद्यार्थी चिदानंद नाईक यांच्या सोळा मिनिटांच्या कन्नड लघुपटास २०२४ सालीं कान महोत्सवांत चित्रपटशाळांच्या विद्यार्थ्यांसाठीं असलेल्या विभागाचें पहिलें पारितोषिक मिळालें. एका कन्नड लोककथेवर तो आधारलेला आहे. म्हातारी गांवचा कोंबडा चोरते, आणि सूर्य उगवेनासा होतो. सारें गांव काळोखांत बुडतें, व त्यापायीं तिच्या घरच्यांस देशोधडीस लागावें लागतें. कोंबडें झांकलें म्हणून उजाडायचें राहत नाहीं, हें आपण मराठी माणसें म्हणतों खरें. पण काळोख पडल्यावर एका म्हातारीकडे बोट दाखवून मोकळें होण्याची घाई आपल्याकडे कांहीं कमी नाहीं. त्या पटांत ही म्हातारी कथेच्या मध्यभागीं आहे. तिला कांहींतरी हवें आहे, म्हणून ती कांहीं करते. आमच्या मुलांच्या पटांतली म्हातारी कांहींच करीत नाहीं. ती फक्त चालते, आणि तेवढ्यावर भूत ठरते.

हें आम्ही वर्गांत बोललों तेव्हां त्या चौघांपैकीं एकानें विचारलें, "मग गुरुजी, भूत दाखवावें तरी कोणाचें?" प्रश्न रास्त होता. आमचें उत्तर असें कीं, एकदां कॅमेरा उलटा फिरवून पाहावा. रात्रीं चौकांत मशालींच्या उजेडांत गांव जमलें आहे. सहा मिनिटें तें गांव बांधलेल्या माणसाच्या डोळ्यांनीं दाखवावें. समोरचीं सर्व तोंडें ओळखीचीं. कोणाच्या लग्नांत तो पंगत वाढावयास होता, कोणाचें पोर त्यानें खांद्यावर बसवून जत्रेस नेलें होतें. कोणीहि त्याच्या डोळ्यास डोळा देत नाहीं. रातकिडे थांबतात. येथें रंग नको, वेष नको, चेटकीण नको. आणि असा पट पाहून जर कोणी किंकाळी न मारतां गप्प घरीं गेला, तर त्याचा परिणाम आमच्या बक्षीसपात्र पटाहून मोठा झाला असें आम्ही समजूं. पालकांनींहि मुलाच्या मोबाइलवर कोणा ओळखीच्या माणसाचें असें सोंग दिसल्यास हंसून पुढें पाठविण्यापूर्वीं त्या माणसाचें घर कोठें आहे, तें आठवून पाहावें.

या वर्षापासून स्पर्धेस येणारा प्रत्येक पट त्यांत दिसणाऱ्या माणसांस आधीं दाखविलेला असला पाहिजे, असा नियम आम्हीं सुचविला आहे. तो आमच्या जुन्या पटासहि लावावा म्हणून त्या चौघांस घेऊन आम्ही तिच्या घरीं गेलों. मुलांनीं क्षमा मागितली. ती कशाबद्दल, हें तिला नीटसें उमगलें नसावें. तिनें पट दाखवावयास सांगितलें. उंबऱ्यांत बसून, मोबाइलवर हाताचा आडोसा धरून, तिनें सहाहि मिनिटें पाहिलीं. मुलगा ठेंचाळून पळाला तेथें ती मनापासून हंसली. लुगडें तिनें ओळखलें, पाय ओळखले, आणि पुन्हां एकदां दाखवा म्हणाली. दुसऱ्या खेपेस तिनें त्या वर उचललेल्या हातांवर बोट ठेविलें.

"इथं माही मोळी होती ना. ते कुठं गेली जी?"

मुलांनीं चित्राची चौकट तिच्या गळ्याशीं कापली होती. ज्याच्या हातीं मोबाइल होता, तो मुलगा आमच्या तोंडाकडे पाहूं लागला.